हरलेल्याची कुदळ

दोन हजार एकोणीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मशिदीतलं मय्यत धुण्याचं काम सोडायचं असं तोवर मी तीनदा ठरवलं होतं. तिन्ही वेळा कुणीतरी गेलं आणि माझं सोडणं राहिलं. त्या सालानंतर मात्र खरंच सोडलं. का सोडलं ते इथल्या आमच्या मराठी मंडळात मला बरेच जण विचारतात. मी गुडघ्यांचं कारण सांगतो. गुडघे दुखतात हे खोटं नाही.

मंडळाच्या अंकाची संपादक मृण्मयी कोथरूडची, इथं पार्सिपनीत कंप्युटरच्या नोकरीत आहे. ती म्हणाली, "काका, तुमच्या कामाबद्दल लिहा ना. पण फार डिप्रेसिंग नको हां." मी म्हटलं, "मग केटररकडून लिहून घे." शेवटी ती म्हणाली, तुम्हाला हवं तसं लिहा. माझं शिक्षण चौथी, खाडीकाठच्या गावातल्या मराठी शाळेत. शुद्धलेखन मृण्मयीचं, बाकी सगळं माझं.

चौथीनंतर जहाजावर भटारखान्यात, मग दोह्याला एका मोठ्या स्वयंपाकघरात अठरा वर्षं. मग मुलगी सलमा लग्न होऊन इकडं आली आणि तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. घरी बसून मी लोकांच्या डोक्यावर बसणार हे तिला ठाऊक होतं. तिनंच मला मशिदीत चिकटवलं. आमची मशीद आधी गालिच्यांचं दुकान होती. मागं माल ठेवायची खोली होती, तिथं स्टीलचं टेबल, भिंतीला नळ, जमिनीत जाळी, एवढं करून गुसलची, म्हणजे मय्यत धुवायची, खोली केली. झाडलोट, दिवे, हीटर आणि ही खोली माझ्याकडं. बायकांच्या मयती माझी बायको जुबेदा बघायची.

काम काय असतं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की काहीतरी गूढ प्रकार असेल. तसं काही नाही. लहान मुलाला आंघोळ घालता तसंच, फक्त ते रडत नाही. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत चादर कायम, ती हलू द्यायची नाही. पाणी कोमट. आपल्या मनगटावर ओतून बघायचं. सुरुवात उजव्या बाजूनं, उजव्या हातापासून. मग डावी. एकदा, तीनदा, लागलं तर पाचदा, पण विषम. शेवटच्या पाण्यात कापूर. पुरुषाला कफनाचे तीन कपडे, बाईला पाच. आणि जे दिसलं ते बाहेर बोलायचं नाही. जुने डाग, शस्त्रक्रियेचे टाके, कुणाच्या दंडावर गोंदलेलं कुणाचं तरी नाव, सगळं तिथंच राहतं. या कामाला माणसं दोन लागतात. एक धुणारा, एक पाणी ओतणारा. ओतणारा चांगला नसेल तर धुणाऱ्याचं काम बिघडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक सुरतेचे शेठ जिवंतपणी आले आणि म्हणाले, मला टेबलावर झोपून बघायचंय, लांबी पुरते का. झोपले. मग म्हणाले, "फार गार आहे." मी म्हटलं, "तेव्हा नाही लागणार." त्यांना ते इतकं आवडलं की पुढं सहा वर्षं भेटतील तिथं तेच ऐकवायचे. एका पोरानं वडिलांची मय्यत इथं आणली आणि भारतातल्या आईला दाखवायला फोन टेबलाकडं धरला. मी फोन काढून घेतला. तो म्हणाला, "अंकल, धिस इज माय राइट." मी म्हटलं, तुझा हक्क असेल, पण बापाला चालेल का ते त्याला विचार. तो बाहेर जाऊन रडला. नंतर मलाच वाईट वाटलं. आईला चेहरा तरी दाखवायला हवा होता. पण मी एकदा नाही म्हटलं की परत फिरायला मला जमत नाही. लहानपणापासून नाही जमत.

जुबेदा गेली तेव्हा तिला मीच धुतलं. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आमच्यात नवऱ्यानं बायकोला धुतलेलं चालतं. मशिदीतले बहुतेक हनफी, त्यांच्यात चालत नाही. कमिटीचे अध्यक्ष फारूखभाई हैदराबादचे, वयानं माझ्या मुलासारखे, मोठ्या कंपनीत मॅनेजर. दारात येऊन म्हणाले, "चाचा, लोग क्या बोलेंगे." मी म्हटलं, लोकांना बाहेर थांबवा, ते तुमचं काम. आणि दार लावलं. तेव्हापासून फारूखभाई माझ्याशी जपूनच बोलत आले.

आता डॉक्टर हाशिम. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत, पुस्तकांचे. त्यांच्या देशाचं नाव लिहीत नाही, त्यांचे भाऊ अजून तिथं आहेत. तिथल्या राजवटीनं त्यांना हाकललं होतं, इथं कॉलेजात शिकवत होते. देशाचा कारभार कुणी चालवावा, धर्माचा कायदा आणि माणसांनी केलेला कायदा यांचं एकमेकांशी कसं जमावं, हा त्यांचा विषय. त्यांची बायको जुबेदाच्या आधी वारली, तिला जुबेदानं धुतलं. पुढच्या शनिवारी ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मला काहीतरी काम द्या. मी त्यांच्या हातात पाण्याचा मग दिला. त्या दिवसापासून पाणी ओतणारे डॉक्टर. असा ओतणारा मला पुन्हा मिळाला नाही. मी हात हलवायच्या आधी पाणी तिथं असायचं.

आमचं बोलणं निम्मं अरबी, निम्मं इंग्रजी. माझी अरबी दोह्याच्या भटारखान्यातली. डॉक्टर म्हणायचे, "अबू सलमा, तुमची अरबी ऐकली की भूक लागते." अबू सलमा म्हणजे सलमाचा बाप, त्यांच्यात अशीच हाक मारतात. काम झालं की मशिदीच्या किचनमध्ये मी चहा करायचो आणि ते मला त्यांच्या देशाचं भांडण समजावून सांगायचे. एक गट म्हणतो, कायदा अल्लाचा, त्यावर माणसांनी मतं कसली टाकायची. दुसरा म्हणतो, धर्म घरात ठेवा, राज्य मतपेटीवर चालेल. दोन्हीकडं शिकलेली माणसं आणि दोघांनाही खात्री की समोरचा देश बुडवणार.

"आणि तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"मधे. म्हणून दोन्हीकडून फटके बसतात." मग म्हणाले, "किताबात सांगितलंय, आपला कारभार एकमेकांच्या सल्ल्यानं करा. कुणाचा सल्ला, किती जणांचा, आणि सल्ला ऐकलाच नाही तर काय, हे नाही सांगितलं. खुर्च्या मांडायचं काम आपल्यावर सोडलं. मग पार्लमेंट कुणाकडून शिकलो तर काय बिघडलं? हीटर कुठं मुसलमानानं शोधला आहे?"

"हीटर बंद पडतो," मी म्हटलं.

"पार्लमेंटही पडतं," ते म्हणाले. "प्रश्न असा की बंद पडल्यावर लोक काय करतात."

तेव्हा मी त्यांना माझ्या गावच्या जमातीची, म्हणजे मशिदीच्या पंचायतीची, गोष्ट सांगितली. सांगितली नसती तर बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटतं.

आमच्या जमातीत जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात बैठक बसायची. भांडण व्हायचंच. जास्त घरं जिकडं तिकडं निर्णय. पण उठायच्या आधी एक रिवाज होता. जो हरला त्यानं शेवटी बोलायचं. त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. त्याचं झालं की सगळ्यांनी पाणी प्यायचं आणि उठायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या कामाला पहिला हात त्या हरलेल्यानंच लावायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना खाडीच्या अंगाला विहीर पाडायचं ठरलं. माझा बाप एकटा विरोधात. शेवटी उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "पाणी खारं लागेल." दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जाऊन जांभ्यात पहिली कुदळ त्यानंच मारली. पुढं पाणी खारंच लागलं. बापानं एका शब्दानं कुणाला टोचलं नाही. कपडे धुवायला त्या विहिरीचं पाणी आमच्याच घरानं सगळ्यात आधी काढलं.

डॉक्टर चहा विसरले. "हा रिवाज कुणी घातला?"

"कुणी घातला काय माहीत. हरलेला रुसून घरी बसला की जमात फुटते. मग एका गावात दोन मशिदी होतात. तेवढी माणसं तरी कुठं होती गावात."

त्यांनी वही काढली. माझ्या बोलण्याची कुणी वहीत नोंद करतंय हे आयुष्यात पहिल्यांदा झालं. मला चढली. त्या दिवशी मी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा जास्तच मीठ लावून. ते लिहीत म्हणाले, "जिंकल्यावर काय करायचं हे सगळ्यांना येतं, अबू सलमा. आम्हाला हरता येत नाही. माझ्या देशाची सगळी अडचण एवढीच."

पुढं एके साली त्यांच्या देशात लोक रस्त्यावर आले आणि हुकूमशहा पळाला. नवी घटना लिहायला सभा बसणार होती, डॉक्टरांना बोलावणं आलं. कफनाच्या घड्या घालत असताना त्यांनी मला विचारलं, "जाऊ का? मुलगा नको म्हणतो." मुलगा युसूफ तेव्हा नुकताच दूर श्रूजबरीला नोकरीला लागला होता.

मी म्हटलं, "जा. इथं माझं डोकं खाता, तिथं त्यांचं खा."

दोन वर्षांनी परत आले ते एका बॅगेनिशी. मी चहा ठेवला. त्यांनी आख्खा कप संपवला. मग सांगितलं. भांडण एका कलमावर अडलं होतं. पार्लमेंटनं केलेला कायदा धर्माच्या पंडितांना रद्द करता यावा की नाही? डॉक्टर म्हणाले, पंडितांचा सल्ला जरूर घ्या, पण शेवटचा हात लोकांच्या माणसांचा. त्यांची बाजू हरली. बरोबरचे सगळे ठरवून सभागृहातून उठून गेले, या कागदावर आम्ही सही करणार नाही म्हणून. डॉक्टर एकटे बसून राहिले. शेवटी उभे राहिले आणि हा कागद कुठं फाटेल ते त्यांनी सांगितलं. उत्तर द्यायचं नाही हा रिवाज तिथं कुणाला माहीत असणार? आरडाओरडा झाला. तरी बोलून संपवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सही केली.

"का?" मी विचारलं. खरं म्हणजे मला कळलं होतं.

"तुमच्या बापाची कुदळ," डॉक्टर म्हणाले. "महाग पडली."

उठून गेलेले म्हणू लागले, हाशिम विकला गेला. जिंकलेले म्हणू लागले, पंडितांना नको म्हणणारा हा, याचं ईमान तपासा, हा मुसलमान तरी आहे का. मग फौज आली आणि तिनं तो कागद गुंडाळून ठेवला. उठून गेलेले आणि जिंकलेले, दोघेही पळाले किंवा तुरुंगात गेले. घटना गेली, डॉक्टरांची सही तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली. दोन्ही गटांतली बरीच कुटुंबं आमच्याच भागात येऊन पडली, आमच्याच मशिदीत येऊ लागली. जुम्म्याला एक गट उजवीकडं बसायचा, एक डावीकडं. डॉक्टर मागं, चपलांपाशी. दोन्हीकडून सलाम नाही. मय्यत आली की मात्र मग घेऊन हजर. मी त्यांची कधी माफी मागितली नाही. काय म्हणून मागायची ते मला सुचेना. शेवटी मागायची राहिली.

दोन हजार एकोणीसच्या नोव्हेंबरात ते हॉस्पिटलात वारले. सकाळी अकराला युसूफचा फोन आला, मला तो अमो, म्हणजे काका म्हणतो. "अमो अबू सलमा, बाबा म्हणाले होते, मला अबू सलमाच धुवेल." मी म्हटलं, बेटा, मीच. आमच्यात मय्यत थांबवत नाहीत. मी खोलीचा हीटर लावला, टेबल पुसलं, कापड कापलं.

दुपारी फारूखभाईंचा फोन आला. कमिटी बसतेय, या.

बैठक किचनमध्येच. कमिटीचे सहा आणि देखभाल करणारा म्हणून माझं एक मत, अशी सात माणसं. फारूखभाईंचा चेहरा उतरलेला. दोन्ही गटांचे फोन येऊन गेले होते. एक म्हणाला, ज्याच्या ईमानाबद्दल शंका आहे त्याचा जनाजा या छताखाली झाला तर आम्ही दारात उभे राहू. दुसरा म्हणाला, त्या विकल्या माणसाला इथं मान मिळाला तर आम्हीही उभे राहू.

"भांडण झालं, पोलीस आले, तर टाउनशिपच्या कचेरीतले आपलं परमिट तपासायला लागतील," फारूखभाई म्हणाले. "चाचा, समझो ना थोडा. फ्युनरल होममध्ये करू. गुसल, नमाज, सगळं तिथं. दोन दिवस आपली खोली बंद ठेवू, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

"ज्यानं त्या खोलीत सगळ्यांवर पाणी ओतलं त्याला त्या खोलीत पाणी नाही?" मी विचारलं.

"तसं नाही हो."

"मग कसं ते सांगा."

खजिनदार म्हणाले, "चाचा, तुम्ही इमोशनल होताय."

"तुम्ही घाबरताय," मी म्हटलं. "मी तुम्हाला इंग्रजीत काही म्हटलं का?"

तासभर चाललं. मग हात वर झाले. सहा एका बाजूला, एक मी. फारूखभाई उठायला लागले तसं मी म्हटलं, "बसा. आमच्यात हरलेला शेवटी बोलतो आणि त्याला कुणी उत्तर देत नाही. डॉक्टरांना हे ठाऊक होतं, तुम्हालाही कळू दे." ते बसले.

मला मोठं बोलता येत नाही. मी म्हटलं, "मागच्या खोलीतल्या टेबलावर आलेल्या एकाही माणसानं मला त्याची पार्टी सांगितली नाही. मीही विचारली नाही. आज ज्यांचे फोन आले ते दोन्हीकडचे एक दिवस तिथंच येणार आहेत. तेव्हा मी असलो तर त्यांनाही उजव्या हातापासूनच धुवीन. तुम्ही दार बंद करताय ते भीतीनं. पाणी खारं लागेल."

खजिनदारांनी तोंड उघडलं, फारूखभाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी उठून सात ग्लास भरले. सगळ्यांनी पाणी प्यायलं.

"कुलूप मी लावीन," मी म्हटलं. "उद्या सकाळी."

फारूखभाई म्हणाले, "तुम्ही कशाला, मी लावतो." मी म्हटलं, तो हरलेल्याचा हक्क आहे.

घरी आल्यावर सलमा म्हणाली, "अब्बा, तुम्ही सरळ नाही म्हणायचं होतं. तुमच्याशिवाय कोण करणार होतं? सहाही जण वाकले असते." ती खरं बोलत होती. मी अडून बसलो असतो तर त्यांना वाकावं लागलं असतं. अडून बसण्यात तर माझा हातखंडा. पण डॉक्टरांनी माझ्या बापाचा रिवाज खरा धरून स्वतःचं नाव घालवलं, आणि माझ्यावर वेळ आल्यावर मी तो मोडायचा? तसं केलं असतं तर मी त्यांना चहाबरोबर नुसती एक गोष्ट खायला दिली असं झालं असतं. हे सलमाला सांगता आलं नाही. मी म्हटलं, झोप आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मशिदीत गेलो. बादल्या, मग, कापड, चादरी गाडीत ठेवल्या. हीटर बंद केला. खोलीला कुलूप लावलं, किल्ली फारूखभाईंच्या टपालाच्या खणात टाकली आणि तीन मैलांवरच्या फ्युनरल होमला गेलो. युसूफ आदल्या रात्री गाडी चालवून आलेला, दारात उभा होता. आत टेबल चांगलं होतं, आमच्यापेक्षा चांगलं. मी सामान मांडलं आणि बघतो तर कापूर नाही. कापूर खोलीच्या कपाटात राहिला होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कुलूप लावायच्या तोऱ्यात मी कापूर विसरलो.

कापराशिवाय गुसल होतं. पण डॉक्टरांना मी तसं पाठवणार नव्हतो. परत जाऊन खणातली किल्ली काढणं दोन मिनिटांचं काम होतं, पण कुलूप मी लावलं होतं, ते मीच उघडलं तर लावलं कशाला? मी फारूखभाईंना फोन केला. त्या माणसाकडं मी त्याआधी काही मागितलं नव्हतं.

"कापूर आत राहिला," मी म्हटलं.

"चाचा, कुलूप तर तुम्हीच लावलं ना."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. मला उघडता येत नाही."

वीस मिनिटांत आले. ऑफिसला निघालेले, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात कापराची डबी. डबी दारातूनच पुढं केली आणि तिथंच उभे राहिले.

युसूफच्या हातात मग देऊन बघितला होता, मग भरून वाहायला लागला तरी पोरगा नळ बंद करेना. त्याला मी चादर धरायला सांगितली. फारूखभाईंना म्हटलं, "पाणी ओतायला माणूस नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कार्ड काढून खिशात ठेवलं, घड्याळ काढलं, बाह्या वर केल्या. पाणी मनगटावर ओतून बघितलं. त्यांना ते कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

"कुठून?" त्यांनी विचारलं.

"उजव्या हातापासून," मी म्हटलं.

डॉक्टरांनी ती सही त्याच हातानं केली होती. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा होता, तो बाहेर सांगायला हरकत नसावी. जास्त वेळा धुवावासा वाटला. तीनदा धुतला, सगळ्यांचा धुतो तेवढाच, आणि डावा हात घेतला.